विलायतेतल्या चार छोट्या सहली



प्रवासवर्णन लिहिण्याची आमची ही पहिलीच वेळ. आजवर आम्ही जे थोडेफार लिहिले ते शिबिरांचे वृत्तांत, शिष्यवृत्तीच्या अर्जाची माहिती आणि विहाराच्या बांधकामाचा जमाखर्च, एवढेच. कारकुनाच्या हातून दुसरे काय लिहून होणार? परंतु यंदा मे-जूनमध्ये आम्ही उभयता तीन आठवडे इंग्लंडला जाऊन आलो आणि एक दिवस आयर्लंडही पाहिले. परतल्यावर वस्तीतल्या मंडळींनी फोटो पाहिले, चहा घेतला आणि विचारले, "काय काय पाहिलं?" त्या प्रश्नाचे उत्तर उभ्या उभ्या देता येईना, म्हणून हा लेख.

प्रथम एक कबुली देतो. आम्ही नोकरीला लागल्यापासून फिरायला जाण्यासाठी कधी रजा घेतलेली नव्हती. रजा घेतली ती आजारपणाला, लग्नकार्याला, मोर्चाला आणि ६ डिसेंबरला. उरलेली रजा विकून पैसे घेतले आणि ते मुलाच्या फीमध्ये गेले. आमचे वडील गिरणी कामगार. १९८२ च्या संपात त्यांची नोकरी गेली ती कायमची. पुढे आईने धुणीभांडी करून घर चालवले. अशा घरात 'सहल' हा शब्द फक्त शाळेच्या सूचनेत यायचा, आणि वर्गणी भरायची नसल्याने ती चिठ्ठी दप्तरातच राहायची. आम्ही प्रवास केला नाही असे नाही. दीक्षाभूमी, चैत्यभूमी, महाड, भीमा कोरेगाव येथे कितीदा तरी गेलो. पण ते जाणे वंदनेचे आणि कार्याचे. नुसते फिरायला, हवा खायला जाणे हे आपले काम नव्हे, ते सुखवस्तू लोकांचे, असे मनात घट्ट बसलेले होते.

आमची भाची मँचेस्टर शहरातल्या एका इस्पितळात परिचारिका आहे. तीन वर्षे ती फोनवर म्हणत होती, "मामा, तुम्ही आणि मामी एकदा या. मी आहे तोवर राहण्याचा खर्च नाही." शेवटी तिनेच विमानाच्या तिकिटाचा अर्धा भार उचलला, अर्धा मामींच्या भिशीतून निघाला. मुलगा आजीजवळ राहिला. भाचीची ड्यूटी कधी दिवसाची, कधी रात्रीची. म्हणून तिने बेत असा आखला की मँचेस्टर हे ठाणे धरावे, सकाळी डबा घेऊन निघावे आणि रात्री परत यावे. रात्रीचा मुक्काम फक्त डब्लिनला. एकंदर चार सहली झाल्या. त्या क्रमाने सांगतो.

पुतळा, आणि मग डोंगर

पहिल्या दिवशी भाचीने शहर दाखवले. मँचेस्टर हे कापसाचे शहर. आमच्या वडिलांच्या गिरणीतली जुनी यंत्रे लँकेशायरहून आलेली, असे ते सांगायचे. त्यामुळे लाल विटांच्या जुन्या गिरण्या आणि गोदामे पाहताना परक्या गावी आल्यासारखे वाटेना. शहराच्या मध्यावर एका छोट्या चौकात अब्राहम लिंकन यांचा उंच पुतळा उभा आहे. अमेरिकेच्या अध्यक्षांचा पुतळा इंग्लंडात कशासाठी? तर अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी युद्ध पेटले तेव्हा दक्षिणेकडचा कापूस येणे थांबले आणि लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या. हजारो कामगार उपाशी राहिले. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये कामगारांची सभा भरली आणि गुलामगिरी नष्ट करण्याच्या लढ्याला पाठिंबा देणारे पत्र लिंकन यांना गेले. १९ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी त्याला उत्तर दिले. महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला, हे आपण जाणतोच. स्वतःची चूल विझलेली असताना दुसऱ्याच्या मुक्तीची बाजू घेणारी ही माणसे गिरणी कामगार होती, हे वडिलांना सांगायला हवे होते, असे राहून राहून वाटले. ते आता नाहीत.

दुसऱ्या दिवशी खरी सहल. मँचेस्टरहून आगगाडीने न्यू मिल्स आणि तिथून बसने हेफील्ड नावाच्या खेड्यात गेलो. तिथून किंडर स्काउट या डोंगराची वाट सुरू होते. उंची ६३६ मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या मानाने मोठी नव्हे. पण वर मोकळे माळरान आहे आणि वारा असा की मामींचा पदर आवरता आवरेना. भाचीने त्यांना स्वतःचा जाडा कोट आणि बूट दिले. साडीवर कोट आणि पायात बूट अशा वेशात आमच्या मंडळी पुढे निघाल्या.

गाव संपते तिथे शेताच्या कुंपणाला एक लाकडी फाटक होते. पलीकडे कुणाची तरी मेंढरे चरत होती. मामी फाटकाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे कुणाचं तरी शेत आहे. कुणी ओरडलं तर? आपण वळसा घालून जाऊ." भाची हसली नाही. तिने फाटकाजवळची पाटी दाखवली. त्यावर सार्वजनिक पायवाट असे लिहिले होते. ती म्हणाली, "मामी, ही वाट सगळ्यांची आहे. इथं कुणी विचारणार नाही." तेवढ्यात मागून एक म्हातारे जोडपे काठ्या टेकत आले, त्यांनी फाटक उघडून धरले आणि मान लववून आम्हाला आधी जाऊ दिले.

मामींचे माहेर सातारा जिल्ह्यातले. त्यांची आजी गावातून जाताना देवळाची आळी टाळून बाहेरच्या पांदीने पाण्याला जायची, हे त्यांनी लहानपणी ऐकलेले. आजीचा तो वळसा नातीच्या पायात अजून आहे, हे आम्हाला त्या फाटकाशी कळले. आम्ही स्वतःला कार्यकर्ते म्हणवतो, तरी खरे सांगायचे तर फाटकाशी आमचेही पाऊल अडखळले होते.

पण ही वाट तिथल्या लोकांनाही फुकट मिळालेली नाही. पुढे बोडन ब्रिज येथे एक जुनी खाण आहे. तिच्या दगडावर एक पितळी पाटी बसवली आहे. २४ एप्रिल १९३२ रोजी, रविवारी, या खाणीत मँचेस्टर आणि आसपासचे चारेकशे तरुण कामगार जमले होते. आठवडाभर कारखान्याच्या धुरात राबायचे आणि रविवारी डोंगरावर मोकळा श्वास घ्यायचा, एवढीच त्यांची मागणी. परंतु हे माळरान बड्या जमीनदारांनी पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखून ठेवले होते. वर्षातले थोडे दिवस शिकार आणि बाकीचे दिवस राखणदारांचा पहारा. बेनी रॉथमन हा वीस वर्षांचा बेकार तरुण पुढारी झाला आणि सारे मिळून बंदी मोडून डोंगर चढले. राखणदारांशी झटापट झाली. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. पण त्या शिक्षेने देशभर चर्चा झाली. पुढे १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा आणि मोकळ्या रानात जाण्याच्या हक्काचा कायदा झाला. १९५१ साली हाच पीक डिस्ट्रिक्टचा प्रदेश ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला आणि २००० सालच्या कायद्याने असल्या मोकळ्या माळरानावर पायी फिरण्याचा हक्क पक्का झाला. २००२ साली, सत्तर वर्षांनी, त्या जमीनदार घराण्याचे तेव्हाचे वारस ड्यूक ऑफ डेव्हनशायर याच जागी आले आणि आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल त्यांनी जाहीर माफी मागितली.

वर किंडरचा तलाव आहे. त्याच्या काठी आम्ही डबा उघडला. पाणी पाहिले की आपल्या माणसाला महाड आठवल्यावाचून राहत नाही. २० मार्च १९२७ आणि २४ एप्रिल १९३२ यांत पाचच वर्षांचे अंतर. दोन्हीकडे माणसे चालत गेली आणि बंदी मोडली. मात्र हे दोन लढे सारखे म्हणणे चुकीचे होईल. हेफील्डच्या तरुणांना जमीन दुसऱ्याच्या मालकीची म्हणून अडवले होते. आपल्याला चवदार तळ्यावर अडवले ते जन्मावरून. तळे नगरपालिकेने सर्वांना खुले केलेले असतानाही अडवले, आणि गुरेढोरे तिथे पाणी पीत होती. शिवाय आपल्याकडे सत्तर वर्षांनी माफी मागायला तळ्यावर कोण आले, हे वाचकांनी आपल्या मनाशी आठवून पाहावे.

शिखरावर आम्ही गेलो नाही. गुडघे बोलू लागले आणि ढग उतरले. अर्ध्या वाटेवरून परतलो तरी काही गमावल्यासारखे वाटले नाही. येताना त्या फाटकातून मामी सर्वांच्या पुढे होत्या.

ब्लॅकपूल : गाढवांची सुट्टी

दुसरी सहल समुद्राची. मँचेस्टरहून ब्लॅकपूल आगगाडीने सव्वा-दीड तास. १८९४ साली उघडलेला ५१८ फूट उंचीचा लोखंडी मनोरा दुरूनच दिसतो. पॅरिसच्या मनोऱ्यावरून तो बांधला. वर जायला तिकीट आहे, म्हणून आम्ही खालूनच पाहिला. समुद्रात खांबांवर उभे केलेले तीन लांब धक्के आहेत, त्यांवर पाळणे आणि खाऊची दुकाने. किनाऱ्याने ट्राम धावते. ती १८८५ पासूनची. बटाट्याच्या जाड काचऱ्या मीठ आणि व्हिनेगर घालून कागदात देतात. त्या आणि आमच्या डब्यातली लसणाची चटणी, असा बेत उत्तम जमला.

ब्लॅकपूलच्या चौपाटीवर गाढवे प्रसिद्ध आहेत. मुले त्यांवर बसून फिरतात. आम्हाला एकही गाढव दिसेना. भाचीने सांगितले, "मामा, आज शुक्रवार. आज त्यांची सुट्टी." आम्हाला थट्टा वाटली. पण १९४२ पासून तिथे गाढवांसाठी नियम आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी सात काम, मध्ये तासभर जेवणाची सुट्टी आणि शुक्रवारी पूर्ण सुट्टी. मामी पोट धरून हसल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या आईला कधी होता शुक्रवार?" आम्ही गप्प बसलो. धुणीभांडी करणाऱ्या बाईला आठवड्याची सुट्टी आजही बहुतेक घरांत मागून घ्यावी लागते.

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळाला तो १८९० साली. तो मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली होती. रविवारी आपण निवांत झोपतो तेव्हा त्यांचे नाव किती जणांना आठवते?

ब्लॅकपूलला मोठे केले ते लँकेशायरच्या गिरणी कामगारांनीच. वर्षातून एक आठवडा गावातल्या साऱ्या गिरण्या एकदम बंद राहायच्या. त्याला 'वेक्स वीक' म्हणत. ओल्डहॅमचा आठवडा वेगळा, बर्नलीचा वेगळा. त्यामुळे उन्हाळाभर एकेक गाव जणू कुलूप लावून ब्लॅकपूलला यायचे. पण त्या आठवड्याचा पगार मिळत नसे. मग कामगार वर्षभर दर आठवड्याला थोडे पैसे गिरणीतल्या किंवा गल्लीतल्या क्लबात साठवायचे आणि सुट्टीच्या आधी उचलायचे. या क्लबांना 'गोइंग-ऑफ क्लब' म्हणत. मामींनी लगेच ओळखले, "ही तर आपली भिशी!" फरक एवढाच की आपली भिशी लग्नाला, दवाखान्याला आणि छपराच्या पत्र्याला जाते. त्या बायकांनी ती उघडपणे मौजेसाठी काढली होती आणि त्यात त्यांना लाज वाटली नाही.

पुढे १९३८ साली ब्रिटनच्या संसदेने पगारी सुट्टीचा कायदा केला. आता आपल्याकडची गोष्ट. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९४५ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती होऊन बारा महिने सलग काम केलेल्या कामगाराला दहा दिवसांची पगारी सुट्टी मिळाली. १९४६ साली कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. आम्ही बी.कॉम.ला कामगार कायदे घोकले होते, परीक्षेत उत्तरेही लिहिली होती. पण ही कलमे हक्काची सुट्टी म्हणून आम्ही कधी वापरून पाहिलीच नव्हती. विकली मात्र होती.

लंडन : दहा, किंग हेन्रीज रोड

तिसरी सहल लंडनची. आगगाडीला दोन-सव्वादोन तास लागतात, पण भाडे जास्त. आम्ही पहाटेच्या बसने पाच तासांत गेलो. भुयारी रेल्वेने चॉक फार्म स्थानकावर उतरून दहाएक मिनिटे चालले की किंग हेन्रीज रोड लागतो. दहा नंबरच्या घरावर निळी गोल पाटी आहे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब या घरात राहत होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली हे घर विकत घेतले आणि १४ नोव्हेंबर २०१५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. राहत्या वस्तीतल्या घराचे संग्रहालय करायला तिथल्या पालिकेने परवानगी नाकारली होती. प्रकरण जाहीर चौकशीपर्यंत गेले आणि शेवटी मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने परवानगी दिली. पंजाबी बांधव, मराठी बांधव, गोरे विद्यार्थी असे बरेच लोक तिथे भेटले. जयभीम म्हणताच परकेपणा संपला.

बाबासाहेब १९१६ साली प्रथम लंडनला आले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना परत जावे लागले. १९२० साली ते पुन्हा आले. १९२१ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून एम.एस्सी., १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी., शिवाय ग्रेज इन येथून बॅरिस्टर. चरित्रकारांनी लिहिले आहे की सकाळी पावाचा तुकडा, एखादा कप बोव्हरिल आणि रात्री पापड यांवर ते दिवस काढत. बसचे पैसे वाचवण्यासाठी पायी जात आणि ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय बंद होईपर्यंत तिथेच वाचत बसत. तिकडे मुंबईत माता रमाई संसार रेटत होत्या.

घर पाहून आम्ही जवळच्या प्रिमरोज हिल या टेकडीवर गेलो. हिरवळीवर सारे लंडन समोर पसरलेले दिसते. मुले पतंग उडवत होती. आम्ही चपाती-भाजीचा डबा उघडला आणि मामी एकदम म्हणाल्या, "अहो, साहेबांना इथं बसून दोन घास खायला कधी सवड मिळाली असेल का?" घास हातातच राहिला. भाचीचेही डोळे भरून आले.

काही वेळाने आम्ही म्हणालो ते असे. ज्यांनी स्वतः एक दिवस विसावा घेतला नाही, त्यांनीच पुढे मंत्री झाल्यावर कामगाराच्या विसाव्याचा कायदा करून घेतला. त्यांनी उपास काढले ते आपण उपाशी राहावे म्हणून नव्हे. आपण इथे बसून जेवतो आहोत, यात त्यांचा अपमान नाही. मामींनी डोळे पुसले, तीन डब्यांचे चार वाटे केले आणि शेजारच्या बाकावर एकट्या बसलेल्या एका विद्यार्थिनीला चपातीची गुंडाळी देऊन आल्या.

दुपारी ब्रिटिश म्युझियम पाहिले. प्रवेश फुकट. १८५७ साली उघडलेले ते गोल वाचनालय मधल्या मोठ्या चौकात अजून उभे आहे. ग्रंथसंग्रह मात्र आता सेंट पँक्रास येथे नव्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. याच म्युझियममध्ये आंध्रातल्या अमरावतीच्या महास्तूपाचे कोरीव दगड काचेआड मांडलेले आहेत. बोधिवृक्ष, धम्मचक्र, रिकामे आसन आणि पावले अशा खुणांतून तथागत दाखवलेले. इतके सुंदर काम पाहून हात जोडले गेले. पण हे दगड मूळ जागी का नाहीत, हा प्रश्नही मनात आला. इंग्रजांनी ते नेले हे खरे. त्यांच्या आधी आपल्याच देशाने तो स्तूप मातीत जाऊ दिला होता, हेही खरे.

डब्लिन : भुकेचे पुतळे आणि घटनेचे एक पान

चौथी सहल आयर्लंडची. आगगाडीने चेस्टरवरून वेल्सच्या किनाऱ्याने होलीहेडला गेलो आणि तिथून बोटीने सव्वातीन तासांत डब्लिन. आगगाडी आणि बोट यांचे एकच जोडतिकीट मिळते, ते स्वस्त पडते. लक्षात ठेवा, आयर्लंड हा स्वतंत्र देश आहे. तिथे पौंड नव्हे, युरो चालतो, आणि व्हिसाची चौकशी निघण्याआधीच करावी लागते.

बंदराजवळ कस्टम हाउसच्या धक्क्यावर दुष्काळाचे स्मारक आहे. रोवन गिलेस्पी या शिल्पकाराने १९९७ साली घडवलेली हाडामांसाची वाटावीत अशी माणसे, फाटक्या कपड्यांत, बोटीकडे चाललेली. एकाच्या खांद्यावर मूल आहे आणि मागून एक कुत्रे येते आहे. १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. त्याच काळात आयर्लंडातून धान्य आणि गुरे इंग्लंडला रवाना होत होती. आमच्या आजीने १९७२ च्या दुष्काळातल्या सुकडीच्या आणि खडी फोडण्याच्या गोष्टी सांगितल्या होत्या. त्या पुतळ्यांपुढे मामी बराच वेळ उभ्या राहिल्या. फोटो काढू नको म्हणाल्या.

तिथून चालत ओ'कॉनेल रस्त्यावर गेलो. तिथे जिम लार्किन या कामगार पुढाऱ्याचा पुतळा दोन्ही हात उंच करून उभा आहे. १९१३ साली डब्लिनच्या मालकांनी संघटनेत गेलेल्या कामगारांना टाळेबंदी करून बाहेर काढले. सुमारे वीस हजार कामगार महिनोन्महिने बेकार राहिले आणि शेवटी हरून कामावर गेले. हरलेल्या लढ्याच्या पुढाऱ्याचा पुतळा शहराच्या मुख्य रस्त्यावर! गिरणगावात आमच्या वडिलांच्या संपाची खूण म्हणून आज उंच इमारती उभ्या आहेत.

रात्री एका साध्या घरगुती खानावळीवजा लॉजमध्ये राहिलो. सकाळी डब्लिनच्या किल्ल्यातल्या चेस्टर बीटी संग्रहालयात गेलो. तेही फुकट. ब्रह्मदेश आणि सयाम येथील बौद्ध हस्तलिखिते तिथे जपून ठेवलेली आहेत. बाहेर हिरवळीवर बसलो असताना भाचीने विचारले, "मामा, आपल्या घटनेत आयर्लंडचं काहीतरी आहे ना? शाळेत शिकलो होतो."

आहे. राज्याने कोणत्या दिशेने चालावे हे सांगणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आपल्या घटनाकारांनी आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतली. तिथे ती पंचेचाळिसाव्या अनुच्छेदात आहेत, आपल्याकडे चौथ्या भागात, ३६ ते ५१. आमच्या पिशवीत घटनेची छोटी प्रत नेहमी असते. भाचीने ती उघडली आणि अनुच्छेद ४३ मोठ्याने वाचला. कामगाराला निर्वाहापुरते वेतन आणि माणसाला शोभेल असे राहणीमान मिळावे, तसेच फुरसतीचा आणि सामाजिक, सांस्कृतिक संधींचा पुरेपूर लाभ घेता यावा, यासाठी राज्याने झटावे, असा त्याचा आशय.

अभ्यासवर्गात आम्ही अनुच्छेद १७ शिकवतो, ४६ शिकवतो. ४३ मधले वेतन शिकवतो. फुरसत हा शब्द मात्र आम्ही आजवर घाईने वाचून पुढे गेलो होतो. घटनेत तो वेतनाच्या शेजारीच लिहिलेला आहे. त्या हिरवळीवर, पराया देशात, वयाच्या पन्नाशीकडे झुकताना तो आम्ही प्रथम नीट वाचला.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

ज्यांचे नातलग तिकडे आहेत त्यांनी संकोच न करता जावे. सरकारी संग्रहालये बहुतेक फुकट आहेत. गाडीची तिकिटे आधी काढली आणि गर्दीची वेळ टाळली तर पुष्कळ स्वस्त पडतात. पौंडाला शंभराहून अधिक रुपये पडतात, म्हणून डबा हवाच. हिरवळीवर बसून डबा खायला तिथे कुणी कमीपणा मानत नाही. जूनमध्येही स्वेटर आणि छत्री लागते, मात्र रात्री नऊनंतरही उजेड असतो. आंबेडकर हाउसची वेळ आधी विचारून घ्यावी.

आणि ज्यांना परदेश जमणार नाही त्यांनी खंत करू नये. कार्ले-भाजेची लेणी एका दिवसात होतात. भिशीचा एक हप्ता वर्षातून एकदा मुलाबाळांच्या सहलीसाठी बाजूला काढावा. रजा शिल्लक असेल तर सगळी विकू नये. हे आम्ही उपदेश म्हणून सांगत नाही, उशिरा शिकलो म्हणून सांगतो.

परतल्यावर पहिल्याच रविवारी आईला घेऊन आम्ही दादरच्या चौपाटीवर गेलो. सारा जन्म परळच्या चाळीत गेला, समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर. पण तिने तो पाहिला तो ६ डिसेंबरच्या रांगेतून. चैत्यभूमीला वंदन करून आम्ही वाळूवर सतरंजी पसरली. आईने इकडे तिकडे पाहिले आणि विचारले, "आज कुणाचा कार्यक्रम आहे रं?"

"कुणाचा नाही आई. नुसतं बसायला आलोय."

तिने पाय लांब केले आणि अंधार पडेपर्यंत उठायचे नाव काढले नाही.

जयभीम!